जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स : 'हलकी' सिस्टीम आली कुठून?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात 'जुने' ठरले. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीच्या वेळी हेच झालं होतं, जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ च्या वेळीही. प्रत्येक वेळी प्रश्न तोच : यावर आता विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, तर कोणती? उत्तरादाखल दहा डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांची, नावं कानावर येतात आणि माणूस गोंधळतो. ही नावं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून जन्माला आली. अडचण कोणती होती ते कळलं की आपल्या लॅपटॉपला कोणतं नाव लागू पडतं हे बरंचसं आपोआप उलगडतं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीसाठी लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही डिस्ट्रो आली. तेव्हा हलकी-जड असा भेद कुणी करत नव्हतं, कारण घरातला कॉम्प्युटरच मुळात लहान होता.

जुन्या मशीनवाल्यांसाठी खरं दार उघडलं ते क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्सने, २००० साली. तोवर आधी डिस्कची विभागणी करायची, सगळं इन्स्टॉल करायचं आणि मग आवाज येत नाही हे कळायचं. नॉपिक्स थेट सीडीवरून चालायचं, डिस्कला हातही न लावता. ज्याच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे आणि तो बिघडण्याची धास्ती आहे, त्याच्यासाठी ही सोय किती मोलाची, हे ज्याने ती धास्ती अनुभवली त्यालाच कळेल. याच वाटेवर पुढे डॅम स्मॉल लिनक्स आलं : ५० एमबीत किती प्रोग्राम मावतात हे पाहण्याच्या जिद्दीतून. बॅरी कॉलर यांचं पपी लिनक्स २००३ चं. ते स्वतःला रॅममध्ये भरून घेतं, त्यामुळे रखडणारी हार्ड डिस्क वाटेत येत नाही. त्यानंतर टायनी कोअर आलं, तेही अशाच काटकसरीचं.

आज 'हलकं लिनक्स' म्हणताना मात्र आपण बहुतेक वेळा डेस्कटॉपबद्दल, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेन्यूंच्या मांडणीबद्दल, बोलत असतो. एक्सएफसीई १९९६ पासून आहे, एलएक्सडीई २००६ पासून. त्यांना खरा जोर मिळाला २०११ मध्ये. त्या वर्षी ग्नोम ३ हा डेस्कटॉप आला आणि उबुंटू या लोकप्रिय डिस्ट्रोने युनिटी हा आपला मुख्य डेस्कटॉप केला, आणि दोन्हींना पूर्ण रूपात चालायला ग्राफिक्सची थ्रीडी ताकद हवी होती. जुन्या चिप्सचा तिथे दम निघाला. शिवाय रोजची सवयीची मांडणीही बदलली. या नाराजीतून जुन्या ग्नोम २ चा वारसा चालवणारं माटे उभं राहिलं आणि लिनक्स मिंटने स्वतःचं सिनॅमन घडवलं. त्याच वर्षी लुबुंटू हे हलकं डिस्ट्रो उबुंटूच्या अधिकृत कुटुंबात आलं. २०१८ पासून ते एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप वापरतं.

नंतरची भिंत प्रोसेसरची. ज्या ३८६ साठी लिनक्स लिहिलं गेलं, त्याचाच आधार कर्नलने २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला. उबुंटूने १७.१० या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिट प्रोसेसरसाठी डेस्कटॉपची इन्स्टॉल करायची फाइल देणं थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. म्हणून डिस्ट्रो शोधण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. २००६ मध्ये इंटेलचे कोअर ड्युओ आणि कोअर २ ड्युओ असे दोन्ही लॅपटॉपमध्ये आले : पहिला ३२ बिट, दुसरा ६४ बिट. मधल्या त्या एका आकड्यावर सगळं अवलंबून आहे. सुरुवातीच्या नेटबुकांमधला अ‍ॅटम एन२७० देखील ३२ बिटच. अशा मशीनसाठी ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या मुक्त सिस्टीम अजून दार उघडं ठेवून आहेत, पण नवख्याला ती वाट खडतर जाते.

वायफायचं दुखणंही जुनंच. अनेक चिप्सना बंदिस्त फर्मवेअर (चिप चालवणारं, कोड खुला नसलेलं सॉफ्टवेअर) लागतं आणि डेबियन ते तत्त्व म्हणून आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत मिळू लागलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. स्वातंत्र्याची ओळख करून घ्यायला आलेला माणूस नेटवर्कच मिळालं नाही म्हणून परत जात होता.

माझा कल सांगायचा तर ६४ बिट आणि ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. २ जीबीत लुबुंटू किंवा अँटीएक्स हे आणखी एक हलकं डिस्ट्रो. पण हलक्या डेस्कटॉपने वाचवलेली मेमरी ब्राउझरचे चार-पाच टॅब सहज खातात, म्हणून जमलं तर रॅम वाढवा आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. त्याने पडणारा फरक कुठल्याही डिस्ट्रोपेक्षा मोठा असतो.

आणि नॉपिक्सने दिलेली सोय वापरा. आता सीडीऐवजी पेनड्राइव्ह. त्यावरून बूट करा, वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा. मग झाकण मिटा, थोडं थांबा आणि पुन्हा उघडून लॅपटॉप जागा होतो का ते पाहा.