गणिताच्या मजकुरातले ∴ : टाइप कसे करावे, आमच्याकडे कसे पाठवावे
(क्लासचालक, शिक्षक आणि गाइडलेखक ग्राहकांसाठी)

भूमितीचा पेपर कंपोजला आला की सगळ्यांत जास्त घोळ आकृत्यांचा नसतो, तीन ठिपक्यांचा असतो. फळ्यावर दर दोन ओळींआड येणारे ‘म्हणून’चे ∴ की-बोर्डवर मात्र कुठेच सापडत नाही. मग ज्याला जे सुचेल ते तो करतो. कोणी कोलनपुढे टिंब देतो, कोणी नुसती तीन टिंबे ओढतो, कोणी नेटवरून तमिळ लिपीतले आय्दम हे अक्षर उचलून आणतो. ते दिसायला जवळजवळ तसेच असते, पण संगणकाच्या लेखी ते तमिळ अक्षर. फाँट बदलला की त्याचे रूप बदलते आणि शोधायला गेलात तर ∴ म्हणून हाती लागत नाही.

चिन्ह काही नवे नाही. योहान रान या स्विस गणितज्ञाच्या १६५९ साली छापलेल्या बीजगणितात ते आहे. भागाकाराचे ÷ छापलेले मिळते तेही त्याच पुस्तकात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या यादीत, ∴ ला स्वतःचा क्रमांक आहे, २२३४. ‘कारण’साठीचे उलटे ∵ शेजारीच, २२३५ वर. एवढे दोन क्रमांक लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

वर्डमध्ये २२३४ टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. आकड्यांचे ∴ होते. आकडे इंग्रजी हवेत. मराठी की-बोर्ड चालू असेल तर आधी तो बदला. दुसरी खबरदारी म्हणजे आधी एखादी संख्या असेल तर मध्ये स्पेस सोडा. ‘५’ ला चिकटून २२३४ लिहिले तर वर्ड पाचही आकडे एकच क्रमांक समजतो आणि भलतेच काहीतरी उमटते. याच रीतीने २२२० ने ∠ आणि २२४५ ने ≅ मिळते. वजाबाकीचे खरे चिन्ह − हवे असेल तर २२१२. बहुतेक जण तिथे हायफन देतात, आणि छापल्यावर ते फारच आखूड दिसते.

आता खरा सापळा. वर्डच्या इन्सर्ट मेनूतून सिम्बॉल उघडला की वर फाँट निवडायची खिडकी असते. तिथे ‘सिम्बॉल’ नावाचा फाँट निवडून ∴ घेतले तर पडद्यावर सगळे ठीक दिसते, छपाईही होते. पण तो जुन्या पद्धतीचा फाँट आहे. त्यात ∴ बॅकस्लॅशच्या जागी बसवलेले आहे आणि ≅ ॲट-द-रेटच्या जागी. फाइल दुसरीकडे गेली, फाँट सुटला, की ‘∴ ∠अ ≅ ∠ब’ मधल्या ∴ चे \ होते आणि ≅ चे @, नाहीतर तिथे रिकामे चौकोन उरतात. बाकीचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटात असेल तर आणखी पंचाईत, कारण युनिकोडमध्ये बदलताना कन्व्हर्टर त्या बॅकस्लॅशचे मराठी अक्षरच करून टाकू शकतो. म्हणून त्या खिडकीत ‘नॉर्मल टेक्स्ट’ निवडा आणि ‘मॅथेमॅटिकल ऑपरेटर्स’ हा गट शोधा.

घेतलेले चिन्ह खरे आहे का, हे तपासणे सोपे आहे. कर्सर त्याच्या लगेच पुढे ठेवून पुन्हा ऑल्ट-एक्स दाबा. २२३४ दिसले तर चोख. दुसरे काही आले किंवा काहीच झाले नाही, तर ते चिन्ह काढून नव्याने टाका.

गूगल डॉक्समध्ये इन्सर्ट मेनूत ‘स्पेशल कॅरेक्टर्स’ आहे. तिथल्या चौकोनात माउसने तीन ठिपके काढले तरी ते चिन्ह शोधून देते. मोबाइलवर पेपर लिहिणारे सर-मॅडम बरेच असतात. त्यांनी एकदाच ∴ कुठून तरी कॉपी करून की-बोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात ठेवावे आणि त्याला दोन-तीन अक्षरांचा शॉर्टकट द्यावा.

बहुतेक देवनागरी फाँटांत ∴ नसतेच. वर्ड ते गुपचूप दुसऱ्या फाँटातून आणतो, म्हणून कधी ठिपके बारीक तर कधी जाड दिसतात. ते सारखे करण्यासाठी कोणी सगळ्या परिच्छेदाला कॅम्ब्रिया मॅथ लावू नये. त्या फाँटने ओळींमधले अंतर इतके वाढते की दोन पानांचा पेपर चार पानांवर जातो. फाँट एकसारखे करणे आमच्यावर सोडा. पाठवताना चिन्ह खरे असले की पुढचे आम्ही बघतो.

ओळीच्या शेवटी एकटे ∴ लटकू नये, यासाठी त्याच्यापुढची स्पेस कंट्रोल-शिफ्ट धरून द्या; चिन्ह आणि विधान एकाच ओळीत राहतात.

आमचे मत विचाराल तर हे चिन्ह सिद्धतेच्या पायऱ्यांतच शोभते. सलग परिच्छेदात सरळ ‘म्हणून’ लिहावे, तिथे ∴ नुसते डोळ्यांत खुपते. आणि ∴ नि ∵ यांची अदलाबदल आम्ही आपणहून दुरुस्त करत नाही. उत्तरपत्रिकेत त्याने अर्थ फिरतो, तेव्हा तो निर्णय लेखकाचाच.

हे काहीच जमण्यासारखे नसेल तर चिन्हाच्या जागी चौकटी कंसात [म] आणि [का] लिहून पाठवा, सगळीकडे एकसारखे. वर्ड फाइलसोबत तिची पीडीएफ किंवा हस्तलिखिताचा स्वच्छ फोटो जोडा, म्हणजे शंका आली तर ताडून पाहता येते. प्रूफ पीडीएफमध्येच येईल. ते मोबाइलवर मोठे करून पायऱ्यांच्या सुरुवातीची चिन्हे नजरेखालून घाला आणि मगच छपाईला हो म्हणा.