संध्याकाळच्या बोटीतून दिसलेलं ते 'डॉल्फिनचं पिल्लू' नसतं, पॉर्पॉइज असतं

संध्याकाळच्या बोट टूरवरून आलेले लोक हमखास सांगतात, डॉल्फिनचं एक पिल्लू दिसलं, एकटंच होतं बिचारं. अहो, डॉल्फिनचं पिल्लू एकटं फिरत नाही, ते आईच्या अवतीभवतीच असतं. छोटं, काळपट, एकटं किंवा दोघं-तिघं, बोटीपासून लांब आणि दोन-चारदा पाठ दाखवून गायब, असं काही दिसलं तर बऱ्याच समुद्रांत ते पूर्ण वाढलेलं पॉर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखाच दिसणारा छोटा समुद्री सस्तन प्राणी, असण्याचीच शक्यता जास्त.

डॉल्फिन सगळ्यांना माहितीये, लांब तोंड, उड्या, बोटीच्या पुढच्या लाटेवर पोहणं, त्यावर वेगळं काय लिहायचं. पॉर्पॉइज हे वेगळं कुळ आहे, त्यात सात-आठच जाती. उत्तर गोलार्धातल्या थंड किनाऱ्यांवर सगळ्यात जास्त दिसतं ते हार्बर पॉर्पॉइज, लांबी साधारण दीड मीटर.

आता फरक विचारला की जो तो दातांवरच येतो. डॉल्फिनचे सुळक्यासारखे, पॉर्पॉइजचे चपटे. बरोबर आहे, पण बोटीतून दात कोणाला दिसतात? रंगाचंही तेच, सूर्य खाली गेला आणि आपण त्याच्याकडे तोंड करून बसलो की सगळं काळंच दिसतं. तोंडाचा आकार कळायला तोंड पाण्याबाहेर यावं लागतं आणि पॉर्पॉइज ते क्वचितच काढतं.

संध्याकाळी खरं कामाला येतं ते एकच, पाठ पाण्यावर कशी येते आणि तिच्यावरची फिन, म्हणजे पाठीवरचा पर, कशी आहे. बहुतेक डॉल्फिनची फिन उंच, मागे झुकलेली, कोयत्यासारखी असते आणि प्राणी वर येताना पुढे जोर मारतो, बऱ्याचदा डोकंही दिसतं. हार्बर पॉर्पॉइजची फिन बुटकी, त्रिकोणी, बूड रुंद. ते उडी घेत नाही, पाठ हळूच गोल वळून वर येते आणि तशीच खाली जाते, पाणी जेमतेम हलतं. काळ्या सावलीतही हा फरक दिसतो, म्हणूनच मी दात-रंग सगळं सोडून आधी हेच बघायला सांगते. समुद्र शांत असेल आणि इंजिन बंद असेल तर श्वास सोडल्याचा शिंकेसारखा 'फुस्' आवाजही येतो.

ते जवळ येत नाही म्हणून लोक कंटाळतात, पण त्याला कारण आहे. ओर्का, म्हणजे खरं तर डॉल्फिनच्याच कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, पॉर्पॉइजची शिकार करतो. डॉल्फिन शिट्ट्या मारतात, बोटीवर पाण्यातला मायक्रोफोन असेल तर आपल्यालाही ऐकू येतात. पॉर्पॉइज शिट्टी मारतच नाही, त्याचे क्लिक, म्हणजे छोटे टिकटिक आवाज, १३० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, आपलं ऐकणं २० किलोहर्ट्झला संपतं आणि ओर्कालाही इतकं वरचं नीट ऐकू येत नाही, म्हणून संशोधकांना वाटतं की हा लपण्याचाच प्रकार आहे. शिवाय छोटं शरीर, थंड पाणी, त्यामुळे सतत खावं लागतं. डेन्मार्कजवळ काही पॉर्पॉइजवर यंत्रं लावून केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात तासाला ५५० पर्यंत छोट्या माशांवर झडप घातलेली दिसली. अशा प्राण्याच्या मागे बोट पळवायची म्हणजे त्याचं जेवण मोडायचं, मला याचा मनापासून राग येतो.

अपवाद आहेतच. उत्तर पॅसिफिकमधलं डॅल्स पॉर्पॉइज बोटीच्या पुढे पाण्याचे फवारे उडवत पळतं. आणि अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगत मिळणाऱ्या फिनलेस पॉर्पॉइजला पाठीवर फिनच नसते, तिथे काळी गुळगुळीत पाठ वर आली आणि फिन कुठेच दिसली नाही तर तेच समजायचं. त्याच किनाऱ्यावरच्या हंपबॅक डॉल्फिनची फिनही छोटीच असते, पण ती कुबडावर बसलेली असते, आणि वर येताना लांब तोंड बऱ्याचदा आधी दिसतं.

जमलं तर सूर्य पाठीमागे येईल अशा बाजूला बसा, वारा पडलेला दिवस निवडा कारण बारीक लाटांतही ही छोटी फिन हरवते, आणि बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. वर आल्यावर लगेच कॅमेरा काढू नका, त्यात ते खाली जातं. आधी नुसत्या डोळ्यांनी फिन बघा, पुढच्या श्वासाला ते पुन्हा वर येईलच, फक्त थोडं दुसरीकडे.