जनुकात बदल, पण कोणत्या पेशीत?

'क्रिस्परने जनुक बदललं' अशी बातमी वाचली की आधी विचारावं, बदललं ते कोणत्या पेशीत? देहपेशीतला बदल आणि भ्रूणातला बदल यांची सर्रास गल्लत होते, कारण क्रिस्पर ही जनुक कापणारी रेणवीय कात्री दोन्हीकडे तीच असते.

देहपेशीतला बदल हा एका माणसावरचा उपचार. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं बघा. हिमोग्लोबिनच्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर चुकलेलं असतं, तेवढ्यानं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेनं कळवळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने 'कॅसजेव्ही' हा उपचार मंजूर केला. त्यात रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी (ज्यांपासून नव्या रक्तपेशी बनतात त्या) काढून त्यांच्या जनुकात काप घेतात, केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि त्या पेशी परत सोडतात. चुकलेलं अक्षर मात्र तसंच राहतं! काप घेतात तो दुसरीकडे, त्यामुळे गर्भात असताना बनणारं निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. रुग्णाच्या मुलांपर्यंत हा बदल पोचत नाही. केमोथेरपीने वंध्यत्व येण्याचा धोका असतो, पण तो पत्करायचा की नाही हे रुग्ण स्वतः ठरवतो. इथला नैतिक प्रश्न मुख्यतः किमतीचा आहे: अमेरिकेत हा उपचार २२ लाख डॉलरचा आहे.

भ्रूणातला बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, कारण त्याच भ्रूणातून बाळाच्या बीजपेशीही (पुढे स्त्रीबीज किंवा शुक्राणू होणाऱ्या पेशी) घडतात. हे जियानकुई ('हे' हे आडनाव) या चिनी शास्त्रज्ञाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून सीसीआर५ हे जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. वडिलांना एचआयव्ही होता, आईला नव्हता. अशा वेळी शुक्राणू धुऊन घेतले तरी बाळाची लागण टाळता येते, म्हणजे त्या मुलींना या बदलाची गरजच नव्हती. शिवाय भ्रूणाच्या काही पेशींत बदल होतो, काहींत होत नाही, काही ठिकाणी भलताच होतो. त्या मुलींना विचारणार कोण होतं? मला हे अक्षम्य वाटतं. २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने जियानकुई यांना तीन वर्षांची कैद सुनावली.

'आनुवंशिक आजार टाळायला भ्रूण बदलावंच लागेल' असंही म्हटलं जातं. ते बहुतेक वेळा खरं नाही. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असले, म्हणजे दोघांकडेही चुकलेल्या जनुकाची एकेक प्रत असली, तरी दर भ्रूणाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. प्रयोगशाळेत भ्रूण तपासून निरोगी भ्रूण गर्भाशयात सोडता येतं, कात्री न लावता.