ले गू रेयुनी

ले गू रेयुनी : बरोक काळातील (सु. १६००–१७५०) वाद्यसंगीतात फ्रेंच आणि इटालियन शैलींचा मेळ घालण्याच्या प्रवृत्तीचे नाव. शब्दशः अर्थ ‘एकत्र आलेल्या अभिरुची’. फ्रांस्वा कूपरँ (१६६८–१७३३) या फ्रेंच संगीतकाराने १७२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनासंग्रहाच्या शीर्षकावरून ते रूढ झाले. प्रत्यक्ष प्रयोग मात्र त्याआधी चाळीसएक वर्षे चालू होते.

फ्रेंच वादन दरबारी नृत्याच्या अंगाने वाढले. अलंकार बारीक, आणि तेही खुणांनी नेमून दिलेले. सारख्या लांबीचे लिहिलेले स्वर लांब-आखूड अशा डौलात वाजवायचे. आपण लिहितो एक आणि वाजवतो दुसरे, इटालियन मात्र मनातले जसेच्या तसे लिहितात, असे खुद्द कूपरँने १७१६ मध्ये नोंदवले आहे. ते लयीपुरतेच खरे मानावे. इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या रचनांतील संथ भागांत कागदावर मोजके स्वर दिसतात; त्यांभोवतीची नक्षी वादकाने ऐन वेळी गुंफायची असे. सोनाटा (मोजक्या वाद्यांसाठी अनेक भागांची रचना) आणि कॉन्चेर्टो (एक वा मोजकी वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) हे इटलीचे खास घाट.

फरक व्हायोलिनचा गज चालवण्यातही होता. तीन मात्रांच्या मिन्युएट या नृत्यप्रकारात इटालियन वादक गज आलटून-पालटून चालवी. त्यामुळे पहिल्या आवर्तनाची सुरुवात खाली ओढलेल्या गजाने झाली, तर दुसऱ्याची वर ढकललेल्या गजाने होई. फ्रेंच दरबाराचा संगीतकार ल्यूली याच्या वादकांना हे चालत नसे. प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा खाली ओढलेल्या गजावरच यायला हवी, त्यासाठी मध्ये गज उचलून पुन्हा लावावा लागला तरी बेहत्तर. ठेका पायांना कळायचा तो त्यामुळेच. हे तपशील गेओर्ग मुफाट (१६५३–१७०४) याने १६९८ च्या प्रस्तावनेत लिहून ठेवले. तरुणपणी पॅरिसमध्ये आणि पुढे रोममध्ये शिकलेला हा संगीतकार. त्याचा ‘आर्मोनिको त्रिबूतो’ (१६८२) हा या मिश्रणाचा एक आरंभीचा नमुना. जर्मन राज्यांचे फ्रान्सशी युद्ध चालू असताना, १६९५ मध्ये, आपल्या फ्रेंच वळणाचे समर्थन त्याला करावे लागले. शस्त्रांशी आपला संबंध नाही, आपले काम स्वरांशी, असा त्याचा युक्तिवाद होता.

फ्रेंच लेखकांतही फ्रेंच शैली सरस की इटालियन, या वादावर पुस्तके निघाली. १७०२ मध्ये रागने याने इटालियनांची बाजू घेतली, तर पुढे लसेर्फ द ला व्हिएव्हिलने फ्रेंचांची. गंमत अशी, की फ्रेंच शैलीचा मानबिंदू ठरलेला ल्यूली जन्माने फ्लॉरेन्सचा.

कूपरँने मात्र वाद घालण्याऐवजी युक्ती केली. आपली पहिली सोनाटा त्याने स्वतःच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून बनवलेल्या इटालियन नावावर खपवली. सार्डिनियाच्या राजाकडे असलेल्या नातेवाइकाने ती पाठवली, अशी थापही मारली. कबुली दिली ती थेट १७२६ मध्ये, ‘ले नास्यों’च्या प्रस्तावनेत. या संग्रहातील चारही रचनांत आधी इटालियन धर्तीची सोनाटा आणि मागून फ्रेंच नृत्यमाला येते. म्हणजे हा मिलाफ कमी, शेजार जास्त.

खरा मिलाफ दिसतो तो १७२५ च्या ल्यूली-गौरवरचनेत. दोन्ही शैली एकत्र आल्या तरच संगीताला पूर्णत्व येईल, हे तीत ग्रीक पुराणांतला संगीताचा देव अपोलो ल्यूली आणि कोरेल्ली यांना कलादेवतांच्या पार्नासस पर्वतावर पटवून देतो. मग दोन व्हायोलिने, बासची (खालच्या स्वरांची) साथ नाही : आधी ल्यूली सूर धरतो आणि कोरेल्ली साथ करतो, नंतर उलट. कूपरँचा खट्याळपणा स्वरलेखनातही उतरला आहे. ल्यूलीच्या ओळीला फ्रेंच क्लेफ (रेषांवरील स्वरांच्या जागा ठरवणारी खूण), म्हणजे ‘जी’ स्वर सर्वांत खालच्या रेषेवर. कोरेल्लीच्या ओळीला इटालियन क्लेफ, म्हणजे तोच ‘जी’ दुसऱ्या रेषेवर. वाजतो स्वर एकच, पण कागदावर दोघे शेवटपर्यंत आपापल्या जागी.

जर्मन प्रदेशांत संगीतकार टेलेमानने हे मिश्रण अंगवळणी पाडले, आणि निरनिराळ्या देशांतले उत्तम तेवढे निवडणे हीच जर्मन अभिरुची, असे बासरीवादक क्वांट्सने १७५२ मध्ये मांडले. जर्मन संगीतकार बाखने १७३५ मध्ये मात्र दोन स्वरपट्ट्यांच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यासाठी एकाच ग्रंथात इटालियन धर्तीचा कॉन्चेर्टो आणि फ्रेंच धर्तीची ओव्हर्चर (प्रारंभिकेसह नृत्यमाला) शेजारी-शेजारी, पण वेगवेगळी छापली.