मेंदूचं सूप आणि अकलेचं बिल

येऊरच्या जंगलातून माकडं उतरून पायथ्याच्या सोसायट्यांमध्ये शिरली की ठाण्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर त्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. कुणी खिडकीची सरकती काच उघडतंय, कुणी फ्रिजमधली केळी पळवतंय. आणि खाली हमखास तो प्रश्न येतो: माकडापासून माणूस झाला म्हणता, मग ही माकडं अजून माकडंच कशी?

चूक प्रश्नातच आहे. येऊरचं माकड आपलं पूर्वज नाही, ते लांबचं चुलत भावंड आहे. त्याची आणि आपली शाखा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझीची आणि आपली ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. तेव्हापासून तेही बदलत आलं आणि आपणही, पण वेगवेगळ्या दिशांनी. ते माणूस होण्याच्या रांगेत उभं नाही.

खरा प्रश्न याहून चांगला आहे. डोळे प्राण्यांमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले. पंख कीटकांना, पक्ष्यांना, वटवाघळांना वेगवेगळे फुटले. मग माणसाच्या तोडीची बुद्धी एकाच प्रजातीत का?

आधी तो ‘एकाच’ तपासू. तो फक्त आजच्या शिरगणतीत खरा आहे. १ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर आपल्यासोबत निअँडरथल आणि डेनिसोव्हन हे दुसरे मानव होते, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर बुटके मानव होते. निअँडरथलची कवटी आपल्याइतकीच, कधी थोडी मोठीही भरते, आणि तुमच्या-माझ्या डीएनएपैकी १ ते २ टक्के त्याच्याकडून आलेला आहे. तेव्हा प्रश्न असा मांडायला हवा: मानवांची एकच फांदी इथवर का पोचली, आणि हत्ती, देवमासे, कावळे, ऑक्टोपस का नाहीत?

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे मेंदूचा आकार. ते टिकत नाही. माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलोचा, आफ्रिकी हत्तीचा साडेचार किलोच्या पुढे, स्पर्म व्हेलचा ८ किलोच्या आसपास. शरीराच्या प्रमाणात मोजू म्हटलं तर काही चिमुकल्या प्राण्यांचा मेंदू प्रमाणात आपल्याहून मोठा निघतो. वजन मोजून उपयोग नाही, मोजायच्या त्या चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन. आणि त्या २००५ पर्यंत धड मोजताच येत नव्हत्या. पुस्तकात ‘१०० अब्ज चेतापेशी’ असा गोल आकडा छापला जायचा, पण त्यामागे मोजणी नव्हती.

अडचण अशी, की मेंदूत चेतापेशी सगळीकडे सारख्या दाट नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक पातळ काप घेऊन मोजलं आणि पूर्ण मेंदूच्या घनफळाने गुणलं, तर कुठला काप घेतला यावर उत्तर हवं तितकं बदलतं. ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि रॉबर्तो लेंट यांनी यावर काढलेला उपाय ऐकायला जरा रानटी वाटतो: मेंदूच घोटून त्याचं सूप करायचं, म्हणजे दाट-विरळ हा फरकच उरत नाही.

कृती अशी. मेंदू आधी पॅराफॉर्मल्डिहाइडच्या ४ टक्के द्रावणात काही आठवडे मुरवायचा. त्याने प्रथिनं जागच्या जागी घट्ट होतात आणि पेशीचं केंद्रक टणक बनतं. मग प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (मागचा लहान मेंदू) आणि उरलेला भाग वेगळे करायचे. एकेक भाग बारीक चिरून, काचेच्या नळीत काचेच्याच दांड्याने, सोडियम सायट्रेट आणि १ टक्का डिटर्जंट असलेल्या द्रावणात घोटायचा. डिटर्जंटने पेशींची पटलं विरघळतात, टणक झालेली केंद्रकं तेवढी शाबूत राहतात. चेतापेशीला केंद्रक एकच असतं, म्हणून केंद्रकं मोजली की पेशी मोजल्या.

आता द्रावणाचं आकारमान नेमकं ठरवायचं, डीएनएला चिकटून निळा चमकणारा डॅपी हा रंग घालायचा, आणि थेंबभर द्रावण न्यूबावर चेंबरमध्ये घ्यायचं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायला वापरतात तीच ही आखीव काचपट्टी. तिच्या मधल्या चौकोनात ०.१ मायक्रोलिटर द्रव मावतो. समजा तिथे १०० केंद्रकं दिसली, तर १ मिलिलिटरमध्ये १० लाख आणि १ लिटर सूपमध्ये १ अब्ज. यातली चेतापेशींची किती, हे ठरवायला न्यून नावाच्या प्रथिनाला धरणारं प्रतिपिंड लावतात. हे प्रथिन जवळपास फक्त चेतापेशींच्याच केंद्रकात असतं. किमान ५०० केंद्रकं तपासायची. त्यातली ४० टक्के रंगली, तर १ अब्जापैकी ४० कोटी चेतापेशी, बाकीच्या आधारपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी.

बिघडतं कुठे? मुरवणं कमी झालं तर घोटताना केंद्रकंही फुटतात आणि आकडा खाली येतो. फार लांबलं तर प्रतिपिंडाला प्रथिन सापडत नाही आणि चेतापेशी कमी दिसतात. थेंब घेण्याआधी नळी नीट हलवली नाही तर केंद्रकं तळाला बसलेली असतात, म्हणून निदान चार थेंब मोजून त्यांत फार तफावत नाही ना हे पाहावं लागतं. अनुमस्तिष्कातल्या पर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशी या प्रतिपिंडाने रंगतच नाहीत, पण त्या इतक्या थोड्या आहेत की एकूण हिशेबाला धक्का लागत नाही.

२००९ मध्ये याच पद्धतीने माणसाचे चार मेंदू मोजले गेले. सरासरी ८६ अब्ज चेतापेशी निघाल्या: अनुमस्तिष्कात ६९ अब्ज, प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, १६ अब्ज, उरलेल्या सगळ्या भागात १ अब्जाहून कमी. आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात हेही पुस्तकी वाक्य गळून पडलं, त्या जवळपास तितक्याच भरल्या.

(मध्यमेंदू त्या ‘उरलेल्या भागात’ येतो. ठाण्यापासून नेरूळपर्यंत मुलांचा ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेट’ करून डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती लागतात, म्हणून सांगतो: तुमच्या मुलाचा मध्यमेंदू जन्मापासून चालू आहे, नाहीतर ते बेशुद्ध पडून असतं. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खाली दिसतं, एवढीच त्यातली विद्या. पुस्तक कपाळासमोर धरा किंवा काळा रंग दिलेला पोहण्याचा घट्ट चष्मा लावा, सिद्धी तिथेच संपते.)

मोजणीचं तंत्र हाती आल्यावर इतर प्राणी रांगेने सूप झाले आणि खरी गंमत बाहेर आली. कृंतक वर्गात, म्हणजे उंदीर-घुशींच्या कुळात, चेतापेशी दसपट झाल्या की मेंदूचं वजन सुमारे ३५ पट होतं, कारण संख्येसोबत प्रत्येक पेशीही फुगत जाते. वानरकुळात दसपट पेशींना वजन साधारण ११ पटच. पेशी वाढतात, पण जवळपास तेवढ्याच आकाराच्या राहतात. कॅपिबारा हा सगळ्यात मोठा कृंतक, मेंदू ७६ ग्रॅम, चेतापेशी १.६ अब्ज. ऱ्हीसस माकडाचा मेंदू ८७ ग्रॅम, चेतापेशी ६.४ अब्ज. कृंतकांच्या नियमाने ८६ अब्ज पेशींचा मेंदू बनवायचा तर तो ३५ किलोचा होईल आणि त्याला ८९ टनांचं शरीर लागेल. देवमाशांच्या पंगतीला बसणारा उंदीर!

माणसाचा मेंदू मात्र वानरांच्या नियमात चपखल बसतो. तो वानराचाच मेंदू आहे, मोठा केलेला. त्यात वेगळा चमत्कार शोधणाऱ्यांची यामुळे निराशा झाली असेल, मला तरी हा निकाल फार आवडतो. हत्तीत २५७ अब्ज चेतापेशी निघाल्या, आपल्या तिप्पट, पण त्यातल्या जवळजवळ ९८ टक्के अनुमस्तिष्कात. बाह्यकात फक्त ५.६ अब्ज. पक्षी तर वानरांहूनही दाटीवाटीने पेशी बसवतात. आपल्या कावळ्याचा भाऊबंद रेव्हन, मेंदू १४ ग्रॅम, पण विचाराचं काम करणाऱ्या अग्रभागात १.२ अब्ज चेतापेशी. कॅपिबाराच्या बाह्यकात ०.३ अब्ज.

मग सगळ्याच वानरांनी मेंदू का वाढवला नाही? कारण बिल. १ अब्ज चेतापेशींना दिवसाला साधारण ६ किलोकॅलरी लागतात. ८६ अब्जांना ५०० हून थोड्या जास्त, म्हणजे साधारण दोन वडापाव, रोज, झोपेतसुद्धा. गोरिला दिवसाचे आठेक तास खाण्यात घालवतो. त्याचं शरीर आपल्या दुप्पट-तिप्पट, चेतापेशी सुमारे ३३ अब्ज. २०१२ मधल्या एका हिशेबाप्रमाणे कच्च्या पाल्या-फळांवर माणसाएवढं शरीर आणि माणसाएवढा मेंदू पोसायचा तर रोज नऊ तासांहून जास्त खावं लागेल. शरीर मोठं की मेंदू मोठा, यातलं एकच परवडतं.

मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचं उत्तर आहे स्वयंपाक. शिजवलेल्या अन्नातून जास्त ऊर्जा मिळते आणि चावण्याचा वेळ वाचतो, हे बरोबर. पण कालक्रम पूर्ण जुळत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत आगीच्या वापराचा पुरावा सुमारे १० लाख वर्षांपूर्वीचा, आणि होमो इरेक्टस या प्राचीन मानवाचा मेंदू वाढायला लागला होता त्याच्या कितीतरी आधी. माझ्या मते सुरुवातीचं काम दगडाने केलं असावं. मांस कापलं, कंद ठेचले तरी चावणं बरंच वाचतं, आणि दगडी हत्यारं २६ लाख वर्षांपूर्वीपासून भरपूर सापडतात. शिवाय माणसाचं शरीरच जास्त ऊर्जा जाळतं. शरीराच्या आकाराचा फरक वजा करूनही आपण चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी अधिक खर्च करतो.

बिलाचा सगळ्यात मोठा हप्ता बालपणी येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश खातो, आणि नेमकं त्याच वयात शरीराची वाढ सर्वांत मंद असते. हे मूल स्वतःचं पोट भरू शकत नाही आणि आईच्या मांडीवर तोवर दुसरं आलेलं असतं. टांझानियातल्या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांमध्ये आज्या कंद खणून नातवंडांना पोसतात. चिंपांझीची आई पिलाला जवळजवळ एकटीच वाढवते, त्यामुळे तिची दोन पिलं पाच-सहा वर्षांच्या अंतराने होतात.

ऑक्टोपसकडे ५० कोटी चेतापेशी आहेत, डबीचं झाकण उघडण्याइतकी अक्कल आहे. पण बहुतेक जातींचं आयुष्य एक-दोन वर्षांचं, आणि पिलं बाहेर पडतात तोवर आई मरणपंथाला लागलेली असते. शिकलेलं पुढे जाण्याची वाटच नाही. उलट टोकाला पायलट व्हेल. त्याच्या बाह्यकात ३७ अब्ज चेतापेशी मोजल्या गेल्या, आपल्या दुपटीहून जास्त. मोजणीची पद्धत वेगळी होती, तरी नुसत्या संख्येवर सगळं ठरतं असं म्हणणाऱ्यांना हा आकडा टोचायलाच हवा. आयुष्य लांब, कळप घट्ट, पण हात नाहीत, आणि पाण्यात आग पेटत नाही.

नैसर्गिक निवड पुढचा विचार करून उधारी देत नाही. २० लाख वर्षांनंतर भाषा आणि शेती येणार म्हणून आज मोठा मेंदू पोसला गेला, असं होत नाही. वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमची वसुली त्याच पिढीत व्हावी लागते. आपल्या फांदीवर दाट पेशींचा वानरमेंदू, मोकळे हात, दगड, नंतर आग आणि पिलं वाढवायला चार माणसं, हे सगळं एकाच वेळी हाताशी होतं, म्हणून वसुली होत राहिली. तीही सरळ रेषेत नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कममध्ये १५ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, आणि त्याच धाटणीच्या कुऱ्हाडी पुढे १० लाखांहून जास्त वर्षं फारसा बदल न होता बनत राहिल्या. फ्लोरेसच्या बुटक्या मानवांचा मेंदू तर जेमतेम ४०० घनसेंटिमीटर. काही संशोधकांच्या मते ते होमो इरेक्टसचेच वंशज होते, म्हणजे बेटावरच्या तुटपुंज्या अन्नावर मेंदू पुन्हा आकसला. दगडी हत्यारं मात्र ते करतच होते, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपर्यंत.