नवतपातले खोटे तारे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता, रात्रीचे अकरा वाजले तरी गरम वाफा येत होत्या आणि आम्ही रामटेकच्या पुढं, पेंचच्या बाजूला वृश्चिक रास टिपायला ट्रायपॉड लावून बसलो होतो. ४ मिनिटांचं एक्सपोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवलं. फोटो झूम करून पाहिला तर तारे सरकून त्यांच्या बारीक रेघा झालेल्या, पण मधेमधे लाल, निळे, हिरवे ठिपके जागचे हललेच नव्हते. मित्र म्हणे सेन्सर गेला बे तुझा. गेला नव्हता, ते हॉट पिक्सेल होते.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप. तो सिलिकॉनचा असतो, त्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि प्रत्येक पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा एक बारीक कप्पा, ते बादलीसारखे साठवतो. पण इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनंही सुटतात, याला डार्क करंट म्हणतात, आणि कोणता इलेक्ट्रॉन कुठून आला हे पिक्सेलला काही कळत नाही. सेन्सर साधारण ६ ते ८ अंश तापला की हा करंट दुप्पट होतो. म्हणजे डिसेंबरात १२ अंशाला काढलेला फोटो आणि मे महिन्यात ३६ अंशाला काढलेला, यात ८ ते १६ पट फरक! ज्या पिक्सेलच्या सिलिकॉनमध्ये आधीच बारीक दोष आहे, बनवतानाचा किंवा कॉस्मिक किरणांनी झालेला, त्याची बादली सगळ्यात आधी भरते, तोच हॉट पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच असते म्हणून ठिपकाही त्याच रंगाचा.

हबल दुर्बिणीचे सीसीडी, म्हणजे तिचे सेन्सर, तर उणे ८० अंशाच्या आसपास थंड ठेवतात, तरी अंतराळातल्या किरणांनी हॉट पिक्सेल वाढतच राहतात, मग दर महिन्याला ते सीसीडी मुद्दाम गरम करतात आणि त्यातले बरेच पिक्सेल चक्क बरे होतात. मला हे फार भारी वाटतं.

आपल्याला सोपा उपाय डार्क फ्रेमचा. लेन्सला टोपी लावायची, तेवढंच एक्सपोजर, तोच आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता ठरवणारा आकडा), आणि येणारी काळी फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोतून वजा करायची. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन हेच करतं, पण ४ मिनिटांच्या फोटोमागं आणखी ४ मिनिटं खातं. म्हणून मी आठ-दहा डार्क फ्रेम शेवटी एकदम घेतो, त्यांची सरासरी काढली की वजाबाकी जास्त स्वच्छ होते. फक्त भाऊ, घरी येऊन कूलरसमोर घेऊ नका, तापमान बदललं की ठिपके जुळत नाहीत. तिथंच, सतरंजी गुंडाळता गुंडाळता टोपी लावून घ्या.