चुन्याच्या निवळीपासून कडक टाकोपर्यंत : स्वस्त मेक्सिकन उपाहारगृहांची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये बाहेर खायला जायचे म्हटले की आजही पहिले नाव मिसळीचेच निघते. तरीही कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मॉलमधील खाद्यदालने या पट्ट्यात टाको (दुमडलेल्या पोळीत भरलेले सारण), बरिटो (मऊ पोळीत गुंडाळलेले सारण) आणि नाचोज हे शब्द आता विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळले आहेत. त्यांच्या खिशाला परवडणाऱ्या दरात ‘मेक्सिकन’ म्हणून जे ताटात येते त्याचा माग काढू लागले, तर वाट थेट मेक्सिकोत जात नाही. वाटेत अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरचे एक युद्ध लागते, टेक्सासमधील चौकांत रात्री तिखट मांसाचा रस्सा विकणाऱ्या बायका भेटतात आणि कॅलिफोर्नियातील एक हॉटडॉगची टपरीही लागते. हा मधला टप्पा माहीत नसला की कोणी या जेवणाला अस्सल मेक्सिकन समजतो, तर कोणी नकली म्हणून मोडीत काढतो. माझ्या मते दोघेही त्याच्यावर अन्याय करतात.

मुळापासून सुरुवात करायची तर मक्यापासून करावी लागते. दक्षिण मेक्सिकोतील बालसास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानटी गवतापासून तिथल्या लोकांनी मका घडवला. त्याहून मोठे कर्तृत्व म्हणजे तो खाण्याची त्यांनी शोधलेली रीत. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन साले काढायची आणि मग दगडावर वाटायचे, अशी ही प्रक्रिया असून तिच्यातून तयार होणाऱ्या मक्याला निश्तामाल म्हणतात. वाटण्याचा दगड, म्हणजे मेताते, आपल्या पाट्याचा सख्खा भाऊ शोभावा असा असतो, आणि भाजण्याचे मातीचे कोमाल म्हणजे आपले खापराचे तवे. चुन्यामुळे दाण्यात जखडलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते, कॅल्शियम मिळते आणि पीठ चिवट होऊन पातळ लाटण्याजोगे बनते. युरोपने मक्याचे बियाणे नेले, पण ही रीत नेली नाही. परिणामी उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, केवळ मक्यावर पोट भरणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने ग्रासले. तो संसर्गाने होत नसून आहारातील उणिवेमुळे होतो, हे अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१०च्या दशकात दाखवून दिले. नेमके जीवनसत्त्व १९३७ मध्ये हाती लागले. मेक्सिकोतल्या बायका ते न ओळखताही हजारो वर्षे पोरांच्या पोटात घालत होत्या.

स्पॅनिश सैन्याने १५२१ मध्ये मेक्सिकोतील अझ्टेक साम्राज्याची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. त्यानंतर गहू, तांदूळ, कांदा, लसूण, जिरे, कोथिंबीर, गाई आणि डुकरे तिकडे गेली. मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, राजमा, पेरू आणि सीताफळ अमेरिका खंडांतून निघाले. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली. मिसळीच्या लालभडक तर्रीला रंग देणारी मिरची, वर पसरलेला टोमॅटो, फोडीतला बटाटा आणि पाव या चौघांपैकी एकही वस्तू त्याआधी नाशिकच्या स्वयंपाकघरात नव्हती. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटमधून उतरणारा टोमॅटो आणि टाकोवर घातलेला साल्सा, म्हणजे टोमॅटोची चटणी, यांचे मूळ गाव एकच आहे. ‘टोमॅटो’ हा शब्दही अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून आला आहे.

टॉर्टिया म्हणजे तिकडची पातळ पोळी, मुळात मक्याची. गव्हाची टॉर्टिया मात्र स्पॅनिश वसाहतीतली भर आहे. उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशात, विशेषतः सोनोरा भागात, गहू चांगला पिकला आणि तिथे मैद्याची मोठी, मऊ, घडी घालता येणारी पोळी रूढ झाली. बरिटो याच पोळीतून घडला. पुढे या कथेत राजकारणही आले, कारण या उत्तरेकडच्या मुलखाचा मोठा भाग अमेरिकेच्या वाट्याला गेला. १८४६ ते १८४८ या काळातील अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियासह विशाल प्रदेश अमेरिकेला मिळाला आणि तिथल्या मेक्सिकन कुटुंबांना गाव न सोडता देश बदलावा लागला. त्यांचे जेवण तिथेच राहिले, पण शेजारी बदलले.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चिली क्वीन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका संध्याकाळी मोठी पातेली मांडून मिरचीतले मांस विकत असत. परगावच्या प्रवाशांना ते स्वस्त आणि चविष्ट वाटे. पुढे आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांचे ठेले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंद करण्यात आले. त्याच राज्यात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने सुक्या मिरचीची जिरे घातलेली तयार पूड विकायला सुरुवात केली. टेक्सासमधील या मिश्र पाककृतीला पुढे टेक्स-मेक्स असे नाव पडले. तिच्यात जिऱ्याचा जो ठसठशीत वास असतो, तो मेक्सिकोच्या बहुतेक प्रांतांत इतका उग्र नसतो, आणि नाशिकच्या माणसाला हे जेवण पहिल्या घासातच ओळखीचे का वाटते याचे मोठे कारण तोच वास आहे. नाचोजही याच सीमाभागातले आहेत: १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी इग्नासिओ अनाया यांनी पलीकडून आलेल्या अमेरिकी महिलांसाठी तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर चीज आणि हालापेनो मिरची घालून घाईघाईत हा पदार्थ केला. इग्नासिओचे लाडाचे नाव ‘नाचो’, म्हणून हे नाचोज.

साखळी उपाहारगृहांच्या इतिहासात सर्वांत मोलाचे ठिकाण कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो हे आहे. तिथे लुसिया रॉड्रिगेझ यांनी १९३७ मध्ये मित्ला कॅफे सुरू केले, जे आजही चालू आहे. त्याच्या समोरच्या बाजूला ग्लेन बेल यांची हॉटडॉग आणि हॅम्बर्गरची टपरी होती. मित्लापुढची रांग पाहून बेल तिथे वारंवार जेवू लागले आणि कडक तळलेला टाको कसा करतात हे त्यांनी तिथेच जाणून घेतले. अडचण वेगाची होती: मऊ टॉर्टियात सारण भरून एकेक टाको तळायला वेळ लागत असे. बेल यांच्या आठवणीनुसार, कोंबड्यांचे पिंजरे बनवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी तारेची चौकट करून घेतली, ज्यात टॉर्टिया दुमडून आधीच तळून ठेवता येई. तथापि या कल्पनेचे श्रेय एकट्या बेल यांना देणे योग्य नव्हे. न्यूयॉर्कमधील मेक्सिकन उपाहारगृहचालक हुवेन्सिओ माल्दोनादो यांना अशाच उपकरणाचे पेटंट १९५० मध्ये मिळाले होते. भांडवल, रस्त्यालगतच्या मोक्याच्या जागा आणि परिचित इंग्रजी नाव बेल यांच्या बाजूने होते. ज्या कुटुंबांनी मूळ चव सांभाळली त्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले, आणि हे जेवण खाताना ही गोष्ट निदान ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

बेल यांनी १९६२ मध्ये डाउनी येथे टाको बेल सुरू केले. कंपनी १९७८ मध्ये पेप्सिकोने विकत घेतली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने दर खाली आणले आणि स्वयंपाकाचे मुख्य काम शाखेबाहेर काढले. मांस शिजवणे व भाज्या चिरणे मध्यवर्ती ठिकाणी होऊ लागले आणि शाखेत गरम करून भरण्याचे काम उरले. ही व्यवस्था हेच स्वस्ताईचे खरे रहस्य आहे. घटक मोजके असतात, एकच सारण टाको, बरिटो आणि केसाडिया (चीज घालून भाजलेली टॉर्टिया) अशा तीन रूपांत फिरते, आणि स्वयंपाकाचे कौशल्य नसलेला मुलगाही काही दिवसांत तयार होतो. समोरच बरिटो बांधून देण्याची दुसरी पद्धत सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातली असून, १९९३ मध्ये डेन्व्हरला सुरू झालेल्या चिपोटलेने तिची देशभर साखळी केली. मेक्सिकोत मात्र टाको बेलचा जम बसला नाही. १९९२ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा दुकाने बंद करावी लागली. चुन्यात भिजलेल्या मक्याची ताजी टॉर्टिया कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते तिथे आधीच तळून ठेवलेले कवच कोण घेणार?

भारतात टाको बेलची पहिली शाखा २०१० मध्ये बेंगळुरूला उघडली; योगायोगाने त्याच वर्षी युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. इथे गोमांस वगळले गेले, पनीर आणि बटाटा आला, आणि राजम्याला आपोआप मानाचे स्थान मिळाले. शाकाहारी माणसाला हे जेवण सोयीचे पडते, कारण राजमा आणि मका ही जोडी मुळातच मांसाशिवाय परिपूर्ण प्रथिने देते. बेंगळुरूतच २०१२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या तरुणांनी कॅलिफोर्निया बरिटो ही साखळी सुरू केली आणि समोर बांधून दिलेला बरिटो भारतीय शहरांत ओळखीचा केला.

नाशिकमध्ये अशा एका ठिकाणी बसलो असता काउंटरवरच्या मुलाने विचारले, “काका, हालापेनो घालू ना? आपल्या लवंगीइतकी तिखट नसते.” टाकोचा पहिला घास घेताच कवच मधोमध तडकले आणि राजमा कागदावर सांडला, शेजारच्या टेबलावरच्या मुली मात्र मान तिरकी करून, सारण न सांडता, सराईतपणे खात होत्या. चव चांगली होती, जिरे, लसूण आणि आंबट साल्सा यांचा मेळ जमला होता. नव्हता तो मक्याचा वास.

तो वास कसा असतो हे पाहण्यासाठी घरी येवल्याकडचा पिवळा मका आणला. आपल्या जिल्ह्यात मालेगाव, येवला, नांदगाव भागात मका भरपूर पिकतो, पण त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याकडे आणि स्टार्चकडे जातो. खाण्याचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी घेतली, तिच्यात दाणे अर्धा तास उकळले आणि रात्रभर झाकून ठेवले. सकाळी पाणी गडद पिवळे झाले होते, बोटांनी चोळताच साले निसटत होती, आणि भिजलेल्या मातीसारखा, किंचित खारट वास घरभर पसरला होता. पाट्यावर वाटायला तासभर लागला. मक्याची आपली नेहमीची भाकरी थापताना कडेला चिरते. हा गोळा मात्र प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबला तरी अखंड राहिला, तव्यावर टाकल्यावर टम्म फुगला, आणि दुमडला तेव्हा तुटला नाही.